माळ्यावरचा रॉक बँड: बुरशी लागलेली रेकॉर्ड कशी वाचवायची

गणपतीला गावी गेलं की माळा साफ करायचं काम माझ्याकडे असतं, का तर मी बारीक आहे आणि वाशांच्या मधून वाकून जातो. दोन वर्षांपूर्वी त्या साफसफाईत काकांची लोखंडी ट्रंक सापडली. खालून काकी ओरडतेय, "ता जुना सामान कित्याक उकरतस रे, इंचू चावतलो!" विंचू नव्हता, पण झाकण उघडल्यावर जो कुबट वास आला तो अजून नाकात आहे. वरती लता-रफीच्या छोट्या ईपी, त्याखाली नाट्यसंगीताच्या जाड तबकड्या, आणि तळाला एक एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, कव्हरवर पांढरे-हिरवे ठिपके, पुसून नाव वाचलं तर 'सिमला बीट ७०'.

काका फोर्टात नोकरीला होते आणि गिरगावात गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे, एका खोलीत पंधरा-वीस चाकरमानी, तिथे प्लेयर कोण लावून देणार, म्हणून घेतलेल्या रेकॉर्ड भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला यायच्या आणि शिमग्याला काका आले की वाजायच्या. नाट्यसंगीत ठीक आहे, पण सायकेडेलिक रॉक, म्हणजे फाटक्या गिटारींचं ते झिंग आणणारं संगीत? धोतरातले आमचे काका? कव्हर उलटं केलं तर मागे गाण्यांच्या यादीत एका गाण्यापुढे पेन्सिलीची दोन टिकं आणि बारीक अक्षरात लिहिलेलं, "हॉलमध्ये ऐकला".

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिमला नावाची सिगरेट होती, तिच्या कंपनीने साठच्या दशकाच्या शेवटी बीट ग्रुपची स्पर्धा सुरू केली, देशभरातून कॉलेजची पोरं गिटारी घेऊन यायची, फायनल मुंबईत षण्मुखानंद हॉलमध्ये, आणि १९७० आणि १९७१ अशा दोन वर्षांच्या निवडक बँडच्या दोन एलपी निघाल्या. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर असे बँड त्याच्यात आहेत. यातल्या बऱ्याच जणांची स्वतःची एलपी कधी निघालीच नाही. एक-दोन गाणी, संपला विषय, नंतर कोणी बँकेत लागला, कोणी परदेशी गेला. म्हणजे त्या बँडचा सगळा वारसा म्हणायचा तर तो त्या एक-दोन खाचांमध्ये, आणि ती खाच आमच्या माळ्यावर बुरशी खात पडलेली.

सिमला बीटच्या एलपी नंतर पुन्हा छापल्या गेल्यात, त्यामुळे माझी कॉपी मेली असती तरी ती गाणी मेली नसती हे खरं आहे. पण तुमच्या ट्रंकेत काय निघेल सांगता येत नाही, एखाद्या कॉलेज बँडने स्वखर्चाने काढलेली ईपी निघाली तर तुमच्याकडचीच शेवटची असू शकते. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय, मी केलेल्या चुकांसकट.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे काहीच करायचं नाही. खरंच. गणपतीत सापडली म्हणून गणपतीतच साफ करायला बसू नका. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत ८५-९० टक्के दमटपणा असतो, बुरशीला ६५-७०च्या वर गेलं की पुरे, आणि तीन हजार मिलीमीटर पाऊस पिऊन जांभ्याची भिंत आतून घामेजलेली असते. अशा दिवसांत ओली करून पुसलेली रेकॉर्ड नीट सुकतच नाही, पुसली की पंधरा दिवसांत बुरशी परत हजर. ट्रंक आहे तशी माळ्यावरून खाली आणा, बुरशीवाल्या रेकॉर्ड चांगल्यांपासून वेगळ्या काढा, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घालून घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत उभ्या ठेवा आणि दिवाळीची वाट बघा. दिवाळी ते होळी हा आपला सीझन. त्यातही थंडीतली दुपार, वारा उत्तरेचा असेल तेव्हा.

आणि उन्हात ठेवू नका! हे मी मोठ्याने सांगतोय कारण मी ठेवली होती. खळ्यात चटई टाकून, कुळीथ वाळवतात तशा चार ईपी पसरल्या, म्हटलं बुरशी मरेल, चहा पिऊन आलो तर एक ईपी वाटीसारखी वर आलेली. विनाइल, म्हणजे एलपी-ईपीचं प्लास्टिक, साधारण ६०-७० डिग्रीला नरम पडतं आणि काळी वस्तू उन्हात किती तापते ते अनवाणी डांबरी रस्त्यावर चाललेल्या माणसाला सांगायला नको. ती ईपी दोन काचांमध्ये दाबून महिनाभर ठेवली, थोडी बसली, पण सुई अजून तिच्यावर होडीसारखी डुलते.

वाट बघताना करायचं काम म्हणजे फोटो. पुसायच्या आधी फोटो, हा नियम मोडायचा नाही, कारण पुसताना काय जाईल ते आधी कळत नाही. काकांची ती पेन्सिलची ओळ मी पहिल्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसणार होतो, नशीब लाइट गेली. सकाळी दहा-अकराला ओटीवर, सावलीत, कव्हरची पुढची बाजू, मागची बाजू, बारीक कड, आतलं कागदी पाकीट, दोन्ही बाजूंची लेबलं. मग गाणी संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यात कोरलेले किंवा ठोकलेले आकडे-अक्षरं असतात, ते वाचायला मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, अगदी रेकॉर्डच्या पातळीला, मग अक्षरं उठून दिसतात. तो मॅट्रिक्स नंबर. तो जसाच्या तसा लिहून घ्या, मधली रेघ, शेवटचं अक्षर, सगळं. तुमची कॉपी मूळची आहे की नंतर छापलेली हे बऱ्याचदा त्याच्यावरून कळतं. सोपी खूण पण आहे, मागे बारकोड असेल तर ती १९७०ची नाही, तेव्हा रेकॉर्डवर बारकोड नव्हताच.

मग ओळखायचं की वस्तू कशाची आहे, कारण इथे चूक झाली तर माफी नाही. आपल्याला वाटतं जाड-जड म्हणजे जुनी, जुनी म्हणजे नाट्यसंगीत. पण भारतात ७८ स्पीडच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या तबकड्या फार उशिरापर्यंत निघत होत्या, बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८वर निघाली होती, त्यामुळे बँडचं नाव इंग्लिश आहे म्हणून विनाइलच असेल असं धरू नका. लेबलवर स्पीड बघा, हातात वजन बघा. लाखेची तबकडी जड, ताठ, पडली की कपबशीसारखी फुटते. तिच्यावर स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नाही, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. काकांच्या एका नाट्यपदाच्या तबकडीवर मी कापूस फिरवला आणि कापूस काळा आला, मला वाटलं मळ निघतोय, खूश झालो, आणखी घासलं. मळ नव्हता, नाट्यपद निघत होतं.

तिसरा प्रकार क्वचित सापडतो पण बँडच्या बाबतीत तोच सगळ्यात मोलाचा. स्टुडिओत ट्रायल म्हणून एकच कापलेली डिस्क, आत अॅल्युमिनियमचा पत्रा, वर लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा, थर, लेबल कोरं किंवा हाताने लिहिलेलं. मधल्या भोकाच्या कडेला धातू दिसतो, त्यावरून ओळखायची. हिच्यावर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशीच असेल असं नाही, लॅकरमधूनच तेलकट आम्ल बाहेर येऊन तसा थर बसतो. हिला घरी हात लावू नका, ना पाणी, ना स्पिरिट, ना सुई. प्रत्येक वेळी वाजवली की थोडी मरते. जाणकार माणूस शोधा आणि त्याच्याकडे स्वतः घेऊन जा, कुरिअर नको.

आता विनाइल धुणं. तोंडाला मास्क लावा, बुरशीची पूड छातीत गेली तर आठवडाभर खोकाल. मागच्या पडवीत बसा, घरात नको. आधी सुकंच काम, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, बुरशी झटकून घ्यायची. आडवा ब्रश मारायचा नाही. मग पाणी, पण विहिरीचं नको. आमची विहीर गोडी आहे, अख्खी वाडी पाणी नेते, पण जांभ्यातून येणाऱ्या पाण्यात जे काय क्षार आणि लोह असतं ते सुकल्यावर खाचेत बसतं आणि मग तेच खरखरतं. बाजारात बॅटरीचं पाणी मिळतं ते घ्या, डिस्टिल्ड लिहिलेलं वाचून घ्या, दुकानदाराला बॅटरीत ओतायचं पाणी हवं म्हणून स्पष्ट सांगा, अॅसिड नको. अर्ध्या लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. फेस आला म्हणजे जास्त झालं.

लेबल भिजू द्यायचं नाही. एलपीचं लेबल साधारण १० सेंटीमीटरचं असतं, तेवढ्याच मापाची प्लास्टिकच्या डब्याची दोन झाकणं शोधली, कडेला सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी चिकटवली, दोन्ही बाजूंनी धरून मधून बोल्ट टाकला, काम झालं. मायक्रोफायबरच्या फडक्याने गोल पुसायचं, मग दुसऱ्या फडक्याने नुसत्या पाण्याने, मग परत नुसत्या पाण्याने, साबण राहिला तर सुईला लागतो. बुरशी चिवट असेल तर मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडे आयपीए असतं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्याचा एक भाग आणि बॅटरीच्या पाण्याचे चार भाग, फक्त विनाइलवर, पटकन फिरवून पटकन धुवायचं. सुकवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं घ्या, त्याच्या खाचांत जुन्या धोतराचा पदर अडकवून रेकॉर्ड उभ्या लावायच्या. काकीने ताटाळं दिलं, पण त्या दिवशी आम्ही केळीच्या पानावर जेवलो.

सुताराचा पांढरा गोंद रेकॉर्डवर ओतून सुकल्यावर साल काढतात तशी सोलायची, अशी युक्ती लोक सांगतात. चालते पण. मी फुटक्या रेकॉर्डवर करून बघितली, मजा आली. एकुलत्या एका कॉपीवर मात्र करणार नाही, अर्धवट सुकलेला गोंद खाचेत राहिला तर काढायला दुसरी युक्ती नाही.

कव्हर धुवायचं नाही, कागद आहे तो. सुकवायचं, मऊ ब्रशने झटकायचं, बस. डाग राहू देत.

वाजवणं. घरात काकांचा एचएमव्ही फिएस्टा प्लेयर असेल तर हात शिवशिवतील, माहितीये, पण त्याचा काटा, म्हणजे सुई धरणारा दांडा, जड असतो, खाचेवर बराच दाब देतो, आणि सुई कधी बदलली ते देवाला ठाऊक. त्याच्यावर लताबाईंची दहा वेळा मिळणारी ईपी लावा आणि आनंद घ्या. एकुलती रेकॉर्ड हलक्या काट्याच्या प्लेयरवरच लावायची, ज्याचा दाब दीड-दोन ग्रॅमच्या आसपास लावता येतो. विकत घ्यायची गरज नाही, कणकवली-कुडाळकडे हौशी लोक आहेत, रत्नागिरीत आहेत, रेकॉर्ड घेऊन जा, ते चहा पण पाजतात. ७८साठी सुई वेगळी लागते, जाड, कारण खाचच रुंद असते.

स्पीड तपासा, कारण गावची लाइट. रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा ठेवा आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावून फेऱ्या मोजा, एलपीच्या स्पीडला, म्हणजे मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांना, तीन मिनिटांत बरोब्बर १०० फेऱ्या झाल्या पाहिजेत. ९७ झाल्या तर गायक आजारी वाटेल, १०३ झाल्या तर सगळा बँड घाईत. मोजताना पोरांना जवळ घेऊ नका, ते मधेच "चाळीस, पन्नास, सत्तर" करतात.

रेकॉर्डिंगसाठी प्लेयर, फोनो प्रीअॅम्प (प्लेयरचा बारीक आवाज मोठा करणारा डबा), त्यातून यूएसबी इंटरफेस (तो आवाज लॅपटॉपात नेणारा डबा), लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. चोवीस बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. एका मिनिटाला साधारण ३५ एमबी होतात, वीस मिनिटांची बाजू ७०० एमबी, अख्खी एलपी दीड जीबीच्या आत. आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या जागी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. घूं असा सतत आवाज येत असेल तर तो बहुतेक अर्थिंगचा, जुन्या घरात अर्थिंग म्हणजे कोणीतरी नळाला गुंडाळलेली तार असते. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, अर्धा प्रॉब्लेम तिथेच जातो. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, स्वस्तातला असेल तर तो स्वतःच गातो.

आता ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहिलं तो भाग. फाइल हातात आली की प्रत्येकाला वाटतं आता 'क्लीन' करूया, खरखर काढूया. थांबा. हा सायकेडेलिक रॉक आहे, इथे खरखर कोणाची ते आधी ठरवायला लागतं. १९६२ला अमेरिकेत मॅस्ट्रो नावाचा फझ पेडल, म्हणजे गिटारला जोडून पायाने दाबायचा डबा, आला, तो गिटारच्या आवाजाची वरची टोकं छाटून टाकतो म्हणून आवाज फाटल्यासारखा येतो, आणि साठचं दशक संपेपर्यंत जगभरच्या पोरांना तोच फाटका आवाज हवा होता. आपल्याकडे परदेशी सामान आणणं म्हणजे दिव्य, त्यामुळे पोरं रेडिओ दुरुस्तीवाल्याला धरून अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा डबा, करून घ्यायची आणि तो अॅम्प मोठा केला की आपोआप फाटायचा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर तीक्ष्ण टोकं शोधतं, त्याला बुरशीचा टिचका आणि फझची धार यातला फरक नीट कळत नाही. एकदा पूर्ण जोर लावून चालवून बघा, गिटार लोकरीचा स्वेटर घातल्यासारखी होते. हिस्स आवाज काढायला गेलात तर झांजा गेल्या, ऑर्गनची शेपटी गेली, एको गेला. राहिलं काय?

परदेशातली दोन उदाहरणं देतो. टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये थर्टीन्थ फ्लोअर एलिवेटर्स नावाचा बँड होता, १९६६च्या त्यांच्या पहिल्या एलपीवर जवळजवळ सगळीकडे मागे बुडबुड-बुडबुड असा आवाज येतो, पहिल्यांदा ऐकलं की वाटतं प्लेयरचा काटा बिघडला. तो त्यांचा टॉमी हॉल, मातीच्या-काचेच्या सुरईसारख्या जगच्या तोंडाला माइक लावून आत आवाज काढायचा, तोच त्या बँडचा ठसा. दुसरा बँड लॉस एंजलिसचा, नाव चक्क युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका, एकच एलपी, १९६८ची, नंतर खेळ खल्लास. रॉक बँड असून त्यात गिटारच नाही, त्याऐवजी इलेक्ट्रिक व्हायोलिन आणि रिंग मॉड्युलेटर नावाच्या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून पिळून काढलेले आवाज. तेव्हा ती फार कोणी घेतली नाही, पण तीसेक वर्षांनी ब्रॉडकास्ट नावाच्या इंग्लंडच्या बँडने तिथूनच धागा उचलला. कोणी शहाण्याने १९७०मध्ये ते 'विचित्र आवाज' साफ करून ठेवले असते तर ब्रॉडकास्टवाल्यांनी काय ऐकलं असतं.

मग बुरशी कुठली आणि बँड कुठला हे कसं ओळखायचं? गणित सोपं आहे. एलपीच्या स्पीडला एक फेरी १.८ सेकंदाची, त्यामुळे चरा असेल तर टिक बरोब्बर दर १.८ सेकंदाला येणार, गाणं कुठेही असो. पंचेचाळीसच्या ईपीवर दर सव्वा सेकंदाच्या थोडं वर. बुरशीचा डाग असेल तर भाकरी भाजताना येतो तसा फसफस आवाज, तोही फेरीबरोबर येतो-जातो. आणि फझ असेल तर तो सुराबरोबर चालतो, सूर थांबला की थांबतो. आवाज डावीकडून उजवीकडे फिरत असेल तर घाबरू नका, तीही त्या काळची फॅशन, पण एक बाजू पूर्ण मुकी असेल तर कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई ज्यात बसते त्या डबीच्या, मागच्या बारीक वायर बघा, मी दोन रात्री 'काय प्रायोगिक मिक्स आहे' म्हणत ऐकत होतो, पांढरी वायर निघाली होती.

माझी पद्धत अशी की मूळ फाइल जशी आली तशी, खरखरीसकट, तिला हात लावायचा नाही, नावात तारीख आणि मॅट्रिक्स नंबर. मग तिची कॉपी करून त्यात फक्त मोठे टिचके एकेक करून हाताने काढायचे. एका गाण्याला एक संध्याकाळ जाते. सगळ्यांना ऐकवायला ती कॉपी, जपायला मूळ.

बँडचा शोध हे वेगळं व्यसन आहे. नावावरून शोधलं तर काही मिळत नाही, कारण नावं सगळी 'दी अमके', 'दी तमके'. माणसं शोधा, आणि ती नंतर दुसऱ्याच कामात सापडतात. आत्माराम भेंडे आपल्या सगळ्यांच्या घरात माहीत, त्यांचा मुलगा नंदू भेंडे मुंबईत व्हेल्वेट फॉग, सॅव्हेजेस, अॅटॉमिक फॉरेस्ट अशा बँडमध्ये गायचा आणि नाट्यदिग्दर्शक अलेक पदमसींच्या रॉक ऑपेरात, म्हणजे रॉक गाण्यांच्या संगीत नाटकात, जुडास झाला होता. २०१४मध्ये तो गेला. बंगलोरच्या ट्रोजन्समधला बिड्डू लंडनला गेला आणि १९८०च्या 'कुर्बानी'तल्या त्या डिस्को गाण्याने घराघरात पोचला. म्हणजे 'बँड हरवला' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा बँडमधली माणसं आपल्या समोरच असतात, नाटकात, जाहिरातीत, सिनेमात. कलकत्त्याचं 'ज्युनियर स्टेट्समन' हे तरुणांचं साप्ताहिक १९६७ ते १९७७ चाललं, त्याचे जुने अंक रद्दीत दिसले तर सोडू नका, या पोरांचे फोटो छापणारं दुसरं होतं कोण.

आणि ऐकणारे लोक. त्यांना कोणी विचारत नाही. आमच्या काकांच्या खोलीतले एक आजोबा अजून आचऱ्याला आहेत, पंच्याऐंशी पार, त्यांना फोनवर कव्हरचा फोटो दाखवला. "तुमच्या मते त्या संगीताचं महत्त्व काय" असं काही विचारायचं नाही, माणूस भाषण देतो. विचारायचं की तिकीट कोणी काढलं, कशाने गेलात, काय घातलेलं, परत येताना काय खाल्लं. आजोबा म्हणाले, "तिकीट खयचा रे, तुझो काको गेटवरच्या माणसाक वळखी. मागे उभे रवलो. कान दुखले माझे, ह्यो मात्र डोळे मिटान उभो." एवढंच. दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग आहे आणि त्यात मागे कोंबडा आरवतो. रेकॉर्ड करताना फोन टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, पंखा बंद करा (मे महिन्यात जाऊ नका मग), आधी परवानगी विचारा, आणि जुने फोटो घरी न्यायला मागू नका, तिथेच ओटीवर फोटो काढून घ्या.

आता एक कंटाळवाणी पण कामाची गोष्ट. आपल्याकडे रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९७०ची रेकॉर्ड २०३० संपेपर्यंत कोणाच्यातरी मालकीची आहे, आणि गाण्याच्या चालीचा-शब्दांचा हक्क वेगळा, तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. स्वतःसाठी, अभ्यासासाठी कॉपी करून ठेवणं वेगळं आणि अख्खी एलपी जगाला वाटणं वेगळं. मी गाणी टाकत नाही. कव्हरवरची माहिती, मॅट्रिक्स नंबर, कोण वाजवतंय त्यांची नावं लिहून टाकतो, बँडवाल्यांच्या घरचं कोणी विचारलं तर त्यांना फाइल देतो.

ठेवायचं कसं? माळ्यावर परत नाही, कौलाखाली भट्टी असते. जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकून नाही, जमिनीवर नाही, निदान फूटभर वर. रेकॉर्ड उभ्या, पुस्तकासारख्या, एकावर एक रचायच्या नाहीत. आत नवीन प्लास्टिकचं पातळ पाकीट, जुनं कागदी पाकीट वेगळं जपा. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकजवळ कशाला. तांदूळ ओल शोषतात म्हणून कपाटात वाटीभर ठेवायचा सल्ला मला तिघांनी दिला, तांदळालाच बुरशी लागते हो. सिलिका जेलच्या पुड्या घ्या, रंग बदलणाऱ्या, निळ्याच्या गुलाबी झाल्या की दाणे तव्यावर मंद आचेवर गरम केले की परत निळे. आपल्या पावसात महिन्याला एकदा तरी करायला लागतं.

फाइलच्या तीन कॉप्या, त्यातली एक जिल्ह्याबाहेर. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात रायगड-दापोलीकडची घरं उघडी पडली, २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा कपाट, लॅपटॉप आणि हार्ड डिस्क सगळं एकाच खोलीत होतं अशांचं सगळंच गेलं. माझी एक हार्ड डिस्क घरी, एक पेन ड्राइव्ह डोंबिवलीला चुलत बहिणीकडे, एक कॉपी क्लाउडवर. बहिणीला सांगून ठेवलंय की पेन ड्राइव्हवर हळदीची गाणी टाकायची नाहीत, तरी गेल्या वेळी सतरा सापडली.

आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रं पुजतो तेव्हा, कपाट उघडून प्रत्येक पाकिटात नाक घालून वास घ्यायचा. कुबट आला तर ती वेगळी काढून दिवाळीनंतरच्या यादीत. नाही आला तर झेंडूचं फूल बाहेरच ठेवायचं, ओलं असतं ते, आणि दार लावून घ्यायचं.